डाव्या खुर्चीतले बाबा

मे महिन्यात नागपुरात भर दुपारी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. आम्ही बापलेक कूलरसमोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून भिंतीकडं तोंड करून बसायचो. भिंतीवर ए-320 विमानाच्या कॉकपिटचं पोस्टर. डावीकडं कॅप्टन म्हणून बाबा, बनियनवर. उजवीकडं मी. आईच्या मते पोराचं डोकं आता फिरलं होतं, नवऱ्याचं आधीपासूनच.

आठवडाभरापूर्वी दिल्लीजवळच्या सिम्युलेटर केंद्रात माझी पुरती शोभा झाली होती. टाइप रेटिंगचा, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवण्याच्या परवान्याचा, शेवटचा टप्पा. टेकऑफच्या ऐन वेळी इंजिन बंद पडणं वगैरे मी निभावून नेलं होतं. तिथं नियम सरळ आहे: चाकं वर घ्या, धोक्याचा भोंगा बंद करा आणि 400 फुटांपर्यंत बाकी कशालाही हात लावू नका. पण त्या दिवशी प्रशिक्षक स्वतः कॅप्टनच्या सीटवर बसले आणि विमान मुद्दाम जास्त वेगानं, जास्त उंचावरून खाली आणू लागले. ढगातून येताना 1000 फुटांवर विमान स्थिर नसेल तर उतरायचं नाही, गो-अराउंड करायचं, म्हणजे विमान पुन्हा वर न्यायचं, हे मला झोपेतही पाठ. मी म्हणालो, "सर, स्पीड थोडा जास्त वाटतोय." ते गप्प. मी आणखी हळू आवाजात, "सर, एकदा बघता का?" अर्धा रनवे मागं पडल्यावर चाकं टेकली. प्रशिक्षकांनी सिम्युलेटर थांबवला, समोरचा पडदा गोठला.

"तू मला सांगितलंस, की स्वतःशी बोललास?"

मग त्यांनी मंगळूरचा विमान अपघात काढला. 22 मे 2010. को-पायलटनं तीनदा गो-अराउंड करा म्हटलं, कॅप्टन उतरत राहिले. डोंगरमाथ्यावरच्या टेबलटॉप रनवेच्या पलीकडं विमान दरीत गेलं, 158 माणसं गेली. "त्यानं निदान सांगितलं तरी. तू तर विनंती केलीस."

मला वाटायचं, संकटात हात थरथरतात. खरं तर आधी कान जातात. धक्का बसलेल्या माणसाला शेजारचा काय बोलला ते ऐकूच येत नाही, आणि बोलणाऱ्याला वाटतं आपण सांगून मोकळे झालो. म्हणून कॉकपिटमधले शब्द ठरलेले, आखूड असतात. आधी काय चुकतंय ते सांगायचं, मग काय करायचं ते सांगायचं, दोनदा हाक मारूनही उत्तर नाही आलं तर "आय हॅव कंट्रोल" म्हणून विमान हातात घ्यायचं. इंजिन बंद करतानाही एकट्यानं बटण दाबायचं नाही. "इंजिन वन मास्टर, कन्फर्म?" शेजाऱ्यानं डोळ्यानं बघून "कन्फर्म" म्हटल्यावरच. 1989 मध्ये इंग्लंडात केगवर्थजवळ वैमानिकांनी बिघडलेलं सोडून चांगलं इंजिन बंद केलं होतं. 47 जण गेले.

हे सगळं मी बाबांना सांगत होतो. बाबा अजनीहून निवृत्त झालेले लोको पायलट, म्हणजे रेल्वेचे इंजिनचालक. चेकलिस्टचे कागद त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिले.

"मंग यात नवीन काय आहे बे? सिग्नल दिसला की आमचा असिस्टंट 'डबल यलो' म्हणे, की मी बी 'डबल यलो' म्हणो. दोघायनं हात करून दाखवाचा. रात्री दोन वाजता बी."

तेव्हापासून ते डावीकडं बसू लागले. कॅप्टन कमी आणि गार्ड जास्त वाटायचे, पण मुद्दाम चुका करण्यात भारी पटाईत. मी "सर, स्पीड" म्हटलं की कानात वारं गेल्यासारखे पोस्टरकडं बघत बसायचे. "सर-बिर सोड. सिग्नलले कोणी 'साहेब, लाल दिसून राहिला वाटते' म्हणते काय?"

तिसऱ्या दिवशी, चहा घेता घेता, त्यांनी मला आजवर न सांगितलेली गोष्ट सांगितली. आमल्याच्या अलीकडं, धुक्यात, सलग तिसरी रात्र. त्यांचे डोळे उघडे होते, पण सिग्नल दिसला नाही. असिस्टंट नवा पोट्टा. त्यानं "लाल!" म्हणून दोनदा ओरडून पाहिलं आणि स्वतःच्या बाजूचा इमर्जन्सी ब्रेक ओढला. गाडी सिग्नलच्या अलीकडं थांबली.

"मंग तुम्ही काय म्हटलं त्याला?"

"काही नाही. तीन-चार दिवस बोललोच नाही त्याच्याशी. राग आल्ता मले." बशीतला चहा संपवून म्हणाले, "मंग त्याच्यासाठी संत्रा बर्फी नेली."

परीक्षेच्या दिवशी प्रशिक्षकांनी पुन्हा तोच खेळ केला. 1000 फूट, स्पीड 20 नॉट जास्त. "स्पीड!" उत्तर नाही. "अनस्टेबल, गो-अराउंड!" ते समोर बघत राहिले, मान एका बाजूला कललेली. माझ्या छातीत धडधड इतकी, की स्वतःचा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. "आय हॅव कंट्रोल." थ्रस्ट पुढं, नाक वर.

पास झालो. शेरा मात्र मिळाला: टॉवरला फार लवकर सांगितलं. आधी विमान सांभाळायचं, मग दिशा, बोलणं शेवटी. रास्त होतं.

रात्री घरी फोन लावला. बाबांनी निकाल नंतर विचारला.

"जोरात बोलला का?"

"हो."

"सर म्हटलं?"

"नाही."

"मंग ठीक आहे. घे, आईशी बोल."