साताऱ्याच्या रस्त्यांसाठी रोड बाइकची चाकं आणि टायर: माझा अनुभव

कार्बन फ्रेम, डिस्क ब्रेक, शिमानोचे १२ स्पीड गिअर एवढं ठरलं होतं. राहिली होती चाकं. चाकं निवडायला बसलं की नजर आधी रिमच्या खोलीवर (टायरपासून हबच्या दिशेने ती किती उंच आहे त्यावर) जाते, मग वजनाच्या आकड्यावर. मी उलटीकडून सुरुवात केली: आधी टायरची रुंदी, मग तिला साजेशी रिम, मग हब, म्हणजे चाकाचा मधला भाग. वजन सगळ्यात शेवटी.

रुंदी रस्ता ठरवतो आणि फ्रेम तिला मर्यादा घालते. यवतेश्वरचा घाट चढून कासला जा किंवा सज्जनगडावरून ठोसेघर, चाळकेवाडीकडे, डांबर चांगलं असलं तरी पावसाळ्यानंतर कडेची खडी सुटते. ऊस हंगामात ट्रॉल्यांमागे चिखल आणि उसाची कांडकी पडलेली असतात. कडेला उतरावं तर बाभळीचे काटे. अशा रस्त्यावर २५ मिमीचा टायर म्हणजे हाताला मुंग्या. फ्रेमची मर्यादा ३२ मिमी होती, पण ती प्रत्यक्ष मोजलेल्या रुंदीची. टायरवर छापलेल्या आकड्याची नव्हे. हा फरक पुष्कळांना टायर फ्रेमला घासायला लागल्यावर कळतो. ढोबळ हिशोब असा: रिमची आतली रुंदी १ मिमीने वाढली की टायर साधारण ०.४ मिमीने फुगतो. १९ मिमीच्या रिमवर बरोबर २८ भरणारा टायर २३ मिमीच्या रिमवर २९.६ च्या आसपास जातो. ३२ छापलेला टायर त्याच हिशोबाने मर्यादेबाहेर गेला असता आणि चिखलाला जागाच उरली नसती. म्हणून दोन्हीकडे २८ छापलेला ट्यूबलेस टायर, कॉन्टिनेंटलचा जीपी ५००० एस टीआर. हवा भरून एक दिवस ठेवल्यावर मगच कॅलिपरने रुंदी मोजावी, कारण नवा टायर थोडा ताणतो.

रिम २३ मिमी आतून, ३१ मिमी बाहेरून अशी घेतली. हवेच्या प्रवाहासाठी रिमची बाहेरची रुंदी टायरच्या मोजलेल्या रुंदीच्या निदान १०५ टक्के असावी, असा एक ठोकताळा आहे. २९.६ ला ३१.१ लागतात, म्हणजे जवळजवळ बसलं. नसतं बसलं तरी मी टायर बारीक केला नसता. घाटात १५ च्या वेगाने चढताना त्या टक्क्यांना कोण विचारतो?

सगळ्यात जास्त वेळ गेला तो हूक असलेली (टायरची कड धरायला आत वळलेल्या काठांची) रिम की हूकलेस, म्हणजे सरळ काठांची, या प्रश्नात. हूकलेस रिम बनवायला सोपी, पण तिच्यावर रोड टायरमध्ये ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआयच्या वर हवा भरायची नाही आणि टायरही त्या रिमसाठी मान्य केलेलाच हवा. साधा क्लिंचर (ट्यूबवाला) टायर तिच्यावर चढवणं धोक्याचं, कारण त्याची कड सुटू शकते. इथेच माझा निर्णय झाला. मेढ्याच्या पुढे कुठे टायर कापला गेला, तर गाठीला किंवा मित्राकडे मिळेल तो ७०० सी, म्हणजे रोड बाइकच्या नेहमीच्या मापाचा, टायर ट्यूब घालून बसवता आला पाहिजे. शिवाय रस्त्याकडेच्या कंप्रेसरचा काटा पाच-सात पीएसआय इकडेतिकडे दाखवतो, आणि मर्यादेला चिकटून चालणाऱ्यासाठी ते बरं नाही. हूक असलेल्या रिमलाही स्वतःची मर्यादा असते. ती रिमवर छापलेली असते. टायरची आणि रिमची यातली कमी असेल ती पाळायची.

रिमची खोली ४० मिमी घेतली. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तिथे आडवा वारा पुढच्या चाकाला धरतो आणि हँडल ओढतो. मागचं चाक कितीही खोल असलं तरी चालतं, त्रास पुढच्याचा. ६० मिमीची जोडी सपाट महामार्गावर शोभते. पठारावरून उतरताना ती दोन्ही हातांनी धरून बसावं लागतं.

वजनाबद्दल एकच हिशोब. चालक, सायकल, पाणी मिळून ८४ किलो धरा. चाकांचे ३०० ग्रॅम वाचवले तर ते ०.३६ टक्के झाले. अर्ध्या तासाच्या चढावर साधारण साडेसहा सेकंद. फिरणारं वजन दुप्पट मोजावं म्हणतात, ते वेग वाढवतानापुरतं खरं. एकसारख्या चढणीत नाही. तेवढ्यासाठी स्पोक कमी करणं मला पटलं नाही. पुढे-मागे २४-२४ स्पोक, तेही डोकं वाकलेले साधे, कारण असे स्पोक हव्या त्या मापात मिळतात. सरळ डोक्याचा खास स्पोक तुटला तर पुण्याची वाट पाहायची. हबची बेअरिंगं ६९०२ आणि ६८०२ अशा चालू नंबरांची आहेत ना, ते आधी विचारून घेतलं. हे नंबर कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात समजतात. अॅक्सल पुढे १२ बाय १००, मागे १२ बाय १४२ मिमी. फ्रीहब (मागच्या हबचा कॅसेट बसते तो भाग) शिमानोचा ११ स्पीडवाला चालतो, ११ ते ३४ दात्यांची १२ स्पीड कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरचा संच, त्यावर बसते. कॅसेटची आणि सेंटरलॉक रोटरची (ब्रेकच्या चकतीची) रिंग ४० न्यूटन मीटरला आवळायची. हाताच्या अंदाजाने नाही.

जोडणीत चुकली ती टेप, स्पोकची भोकं झाकून हवा धरून ठेवणारी. २३ मिमीच्या रिमला २३ चीच टेप लावली होती. मधल्या खोलगट भागात उतरल्यावर ती कडेला अपुरी पडली आणि हवा स्पोकच्या भोकांतून आत जाऊन व्हॉल्व्हपाशी फुसफुसत राहिली. व्हॉल्व्हची नट कितीही आवळली तरी गळती थांबेना, कारण गळती तिथे नव्हतीच. आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिमी जास्त, म्हणजे २५ ची टेप लागते. रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, टेप ताणून, १० सेंमी एकावर एक येईल अशी लावली. व्हॉल्व्हचं भोक ब्लेडने कापू नये, चिरत जातं. तापवलेल्या दाभणाने पाडावं. व्हॉल्व्ह ६५ मिमीचे, रिमच्या खोलीपेक्षा २५ जास्त.

टायर चढवायला व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवावं. बाकीची कड मधल्या खोलगट भागात ढकलत राहिलं की शेवटचा घास हातानेच बसतो. लोखंडी लिव्हर कार्बन रिमला लावायचा नाही. व्हॉल्व्हचा कोअर (आतला सुटणारा भाग) काढून कंप्रेसरने हवा मारली की कड टपाटप बसते. मग हवा सोडून ४० मिली सीलंट (बारीक भोकं बुजवणारं द्रव), कोअर परत, आणि चाक दोन्ही कुशींवर आडवं ठेवून फिरवणं.

हवा पुढे ६२, मागे ६६ पीएसआय, चालकाचं वजन ७५ किलो धरून. मे महिन्यात पहाटे २० अंशांना भरलेली हवा दुपारी टायर ४० अंशांना पोचला की साधारण पाच पीएसआय वाढते, म्हणून उन्हाळ्यात दोन कमीच भरते. पावसात चार कमी.

सीलंट उन्हाळ्यात दोन महिन्यांत आटतं. टायर काढायची गरज नाही: व्हॉल्व्ह खाली आणून थोडा वेळ थांबायचं, हवा सोडून कोअर काढायचा आणि बारीक काडी आत घालून पाहायची. काडी कोरडी आली तर ३० मिली भरायचं. गाठीला कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं असलं तरी ते शेवटचा उपाय. त्याने लॅटेक्सचं सीलंट गोठून गोळे होऊ शकतात, मग घरी आल्यावर सगळं खरवडून नव्याने भरावं लागतं. त्याऐवजी छोटा पंप आणि ४० ग्रॅमची टीपीयू (पातळ प्लॅस्टिकची) ट्यूब बरी. तिचाही व्हॉल्व्ह ६५ चाच घ्यायचा, नाहीतर ४० मिमीच्या रिममधून पंपापर्यंत तो पोचतच नाही.