प्रश्नचिन्ह काढून वाचा

मी कोचिंग करतो म्हटलं की आमच्या सोसायटीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘नीटचं का जेईईचं?’ एकदा समोरच्या काकांना नीट समजावून सांगितलं. कंपन्यांमधल्या मॅनेजर लोकांशी तास तास बोलतो, त्यांना सल्ला देत नाही, नुसते प्रश्न विचारतो. काका बँकेतून रिटायर झालेले. म्हणाले, ‘म्हणजे सल्ला न देण्याचे पैसे घेता?’

हसून वेळ मारून नेली, पण व्याख्या म्हणून हे काही वाईट नाही. फक्त तेवढं जमायला मला चार वर्षं लागली, आणि अजूनही रोज जमतंच असं नाही.

त्याआधी तेवीस वर्षं मी क्वालिटीत होतो. आधी भोसरी, मग चाकण. पार्ट रिजेक्ट होऊन परत आला की ‘व्हाय-व्हाय’ करायचं, म्हणजे का, का, का असं पाच वेळा विचारत मुळापर्यंत जायचं. मग फिशबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखी कारणांची आकृती, काढायचा, उपाय ठरवायचा, पुढे जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख. शुक्रवारी शीटवर किती ओळी हिरव्या झाल्या ते बघायचं. ही सवय अशी अंगात भिनते की बायकोने ‘डोकं दुखतंय’ म्हटलं तरी तोंडातून निघतं, ‘कधीपासून? कालपासून काय बदललं?’

अशा माणसाने कोच व्हायचं म्हणजे आचाऱ्याने उपास धरण्यासारखं.

मी इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं पीसीसी, म्हणजे ‘प्रोफेशनल सर्टिफाइड कोच’ हे प्रमाणपत्र, करत होतो. त्याला कमीत कमी १२५ तासांचं प्रशिक्षण लागतं, ५०० तास प्रत्यक्ष कोचिंग केलेलं लागतं आणि १० तास मेंटर कोचकडे, म्हणजे आपलं कोचिंग तपासणाऱ्या अनुभवी कोचकडे, बसावं लागतं. तासांची मला भीती नव्हती, तास मोजण्यात आयुष्य गेलंय. अडलं ते मेंटरपाशी. या बाई नाशिकच्या, आवाज अगदी मऊ, आणि एखादी गोष्ट खटकली की फक्त ‘हं’ म्हणायच्या. त्यांना माझ्या एका सत्राचं रेकॉर्डिंग आणि ते शब्दन् शब्द उतरवलेलं असं दोन्ही पाठवलं होतं. क्लायंटची परवानगी होती. इथेही त्याला विचारूनच लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

क्लायंट साधारण अडतीस वर्षांचा, एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर, वर्षभरापूर्वी बढती मिळालेली. तक्रार अशी की टीम जबाबदारी घेत नाही, रात्री अकरालासुद्धा फोन येतो आणि हा उठून प्लँटवर जातो. दहाव्या मिनिटाला माझं निदान झालं होतं. याला कामं सोपवता येत नाहीत. असे शंभर बघितलेत मी! उपायही तयार होता. फक्त तो ‘त्याच्याकडून’ यायला हवा, एवढीच काय ती औपचारिकता.

मला वाटत होतं सत्र फर्मास झालंय. सल्ला म्हणून एक वाक्य उच्चारलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, ‘तुमचे प्रश्न मोठ्याने वाचा. प्रश्नचिन्ह काढून वाचा.’

वाचायला लागलो. ‘शिफ्ट सुपरवायझरवर हे सोपवायचा विचार केलाय का?’ हे प्रश्नचिन्ह काढल्यावर झालं, शिफ्ट सुपरवायझरवर सोपव. ‘रात्रीचे फोन एकाच माणसाकडे गेले तर बरं पडेल का?’ म्हणजे, फोन एकाकडे दे. ‘तू गेला नाहीस तर नक्की काय बिघडेल?’ म्हणजे, जाऊ नकोस. पंचेचाळीस मिनिटांत असे अकरा निघाले. सातव्यापाशी माझा आवाज बारीक झाला. अकराव्यानंतर बाई ‘हं’ म्हणाल्या.

मग त्यांनी रेकॉर्डिंग मागे नेऊन एक जागा ऐकवली. तिथे तो म्हणतो, ‘फ्लोअरवर गेलो की कसं, एकदम...’ आणि थांबतो. पुढे काहीतरी येणार होतं. त्या फटीत मी घुसलोय, ‘हो, पण त्यात तुझा किती वेळ जातो?’ दोन सेकंदसुद्धा थांबलो नव्हतो.

सल्ला गिळणं त्या मानाने सोपं आहे, जीभ चावली की झालं. निदान सोडवत नाही. ते एकदा डोक्यात बसलं की कान फक्त त्याचे पुरावे गोळा करतात. समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही, आपल्याला हवं तेवढं ऐकू येतं. आम्हाला प्रशिक्षणात ‘माहीत नसण्यात’ निवांत राहायला शिकवतात. क्वालिटीच्या माणसाला माहीत नसणं म्हणजे ऑडिटमध्ये लाल शेरा! आणि तिथला माझा लाडका ‘का?’ इथे चालतही नाही. माणसाला ‘का केलंस’ विचारलं की तो आरोपीसारखा सफाई द्यायला लागतो. पार्ट देत नाही.

पुढच्या सत्राला मी टेबलावर वही ठेवली नाही. वही असली की मी समोरच्याला रकान्यांत भरायला लागतो. सत्र झूमवर होतं. पाच-सात मिनिटं इकडचं तिकडचं झाल्यावर त्याला विचारलं, ‘मागच्या वेळी तू फ्लोअरबद्दल काहीतरी सांगत होतास, मी मध्येच तोडलं. काय होतं ते?’

तो गप्प झाला.

समोरासमोरची शांतता परवडली, निदान चहाचा कप तरी असतो. ऑनलाइन शांततेत माणूस हलला नाही की वाटतं नेट गेलं. ‘हॅलो, आवाज येतोय ना?’ हे अगदी ओठांवर आलं होतं. म्यूटचं बटण बघितलं. त्याच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा फिरत होता म्हणून कळलं की नेट चालू आहे. अर्धी फेरी झाली. मांडीखाली हात दाबून बसलो होतो, हे नंतर मुंग्या आल्या तेव्हा लक्षात आलं.

मग तो म्हणाला, ‘खरं सांगू का सर, मला तिथेच बरं वाटतं. मशीन बंद पडलं आणि मी चालू केलं की मला कळतं मी आज काय काम केलं. केबिनमध्ये बसलो की संध्याकाळी कळतच नाही दिवसभर काय केलं ते. फोन आला की मी कंटाळत नाही. बायकोला सांगतो कंटाळा आला म्हणून.’

कामं सोपवण्याचा काही संबंधच नव्हता. माझं निदान सपशेल चुकलं होतं, आणि व्यवस्थित कागद करून त्याला दिलं असतं तर त्याने मान डोलावून ते पाळलंही असतं बहुतेक. आज्ञाधारक मुलगा आहे.

त्यानंतर चार सत्रं झाली. शेवटी त्याने ठरवलं ते मला मुळीच पटलं नाही. त्याने टूलरूम, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायचा-दुरुस्त करायचा विभाग, मागून घेतली. हाताखाली माणसं कमी, पद कागदावर एक पायरी खाली. माझ्या पोटात गोळा आला. होम लोन आहे, पोरगं पाचवीत आहे, अरे बाबा सहा महिने थांब, हे सगळं जिभेवर होतं. विचारलं एवढंच, ‘हे ठरवताना तू कशाकशाचा विचार केलास?’ प्रश्नचिन्ह काढून बघा हवं तर, मी बघितलं होतं. त्याने लोन, पोरगं, बायकोशी झालेलं बोलणं असं सगळं क्रमाने सांगितलं. माझ्या यादीत नसलेल्या दोन गोष्टीही त्यात होत्या.

ठरलेली सत्रं संपली आणि तो गेला. मी मात्र गेलो नाही. टूलरूममध्ये त्याचं कसं चाललंय, पस्तावला का, का बरं चाललंय, आणि बरं चाललं असेल तर त्यात माझा वाटा किती! पंधरा दिवसांनी व्हॉट्सॲपवर ‘कसा आहेस?’ पाठवलं. दोन निळ्या टिका, उत्तर नाही. क्वालिटीत निदान ओळ हिरवी तरी व्हायची.

आई दान देताना हातावरून ताम्हनात पळीभर पाणी सोडायची. ‘पाणी सोडणं’ म्हणतात ते यावरूनच. मी लहानपणी विचारलं होतं, त्या गुरुजींनी तांदूळ विकून टाकले तर? आई म्हणाली, आता ते त्यांचे.

या दिवाळीला त्याचा मेसेज आला. पणत्यांचं चित्र, खाली ‘सहकुटुंब सहपरिवार’, उघडच सगळ्यांना एकदम पाठवलेला. मी लिहिलं, ‘तुम्हालाही शुभेच्छा! टूलरूम काय म्हणतेय?’ मग दुसरं वाक्य खोडलं आणि पाठवून दिलं.