कॉर्डिसेप्सची बरणी आणि मेलानोमाचं औषध

कॉर्डिसेप्स मिलिटारिस ही केशरी रंगाची, काड्यांसारखी उभी वाढणारी बुरशी. आता महाराष्ट्रातही एसी लावलेल्या बंद खोलीत ती पिकवली जाते, आणि विकताना 'कॅन्सरवर चालते' हे वाक्य सहज जोडून दिलं जातं. या वाक्यात एक खरा धागा आहे. म्हणूनच तो नीट सोडवून दाखवायला हवा, नाहीतर पेशंट त्यात अडकतो.

धागा म्हणजे कॉर्डिसेपिन. १९५० साली याच बुरशीतून हा रेणू वेगळा काढला गेला. आपल्या शरीरातल्या अ‍ॅडेनोसिनसारखाच तो दिसतो, फक्त त्याच्या साखरेवरचा एक ऑक्सिजन गायब असतो. पेशी आरएनएची साखळी विणताना पुढची कडी नेमकी त्याच ऑक्सिजनला अडकवते. तिथे आकडाच नसल्यामुळे विणकाम थांबतं. आरएनएच्या टोकाला जी 'ए' अक्षरांची शेपटी लागते, तीही नीट लागत नाही. सतत वाढणाऱ्या पेशीला हे जड जातं. उंदराच्या मेलानोमाच्या (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर) बी-१६ पेशी बशीत वाढवून त्यावर कॉर्डिसेपिन टाकलं की त्यांची वाढ मंदावते, हे खरं आहे.

मात्र माणसाच्या रक्तात एक अडसर असतो: अ‍ॅडेनोसिन डीअमिनेज हे एन्झाइम. ते कॉर्डिसेपिनचा अमिनो गट काढून टाकतं आणि काही मिनिटांत त्याचा निकामी पदार्थ होतो. गंमत म्हणजे बुरशीलाही हीच अडचण येते. २०१७ मध्ये असं दिसून आलं, की कॉर्डिसेपिन बनवणाऱ्या जनुकांच्या त्याच जुडग्यातून ती पेंटोस्टॅटिनही बनवते आणि ते या एन्झाइमला रोखून धरतं. पेंटोस्टॅटिन हे एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवर वापरलं जाणारं कडक औषध आहे. म्हणून 'नैसर्गिक आहे, कितीही घ्या' हा सल्ला मला बेजबाबदार वाटतो.

एन्झाइमच्या तावडीतून सुटलेल्या कॉर्डिसेपिनलाही पेशीत शिरायला वाहक (आत नेणारं प्रथिन) लागतो, आणि शिरल्यावर त्याला फॉस्फेट जोडावे लागतात. तीन फॉस्फेट लागल्याशिवाय ते काम करत नाही. कॅन्सरच्या पेशी वाहक तरी कमी करतात, नाहीतर पहिला फॉस्फेट जोडणारं एन्झाइम तरी. यावरचा उपाय कार्डिफ विद्यापीठातल्या क्रिस मॅकगिगन यांच्या रसायनशास्त्रातून आला: पहिला फॉस्फेट आधीच जोडून टाकायचा आणि त्यावर आवरण चढवायचं, म्हणजे रेणू वाहकाशिवाय आत शिरतो. सोफोसबुविर आणि रेमडेसिविर ही विषाणूंवरची औषधं याच युक्तीवर उभी आहेत. कॉर्डिसेपिनवर ती वापरून एनयूसी-७७३८ तयार झालं. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि न्यूकाना कंपनीने त्याच्या माणसांवरच्या चाचण्या २०१९ मध्ये सुरू केल्या. पुढे ज्या मेलानोमा रुग्णांवर पीडी-१ (प्रतिकारशक्तीला लागणारा ब्रेक) रोखणारी औषधं चालेनाशी झाली होती, त्यांना ते पेम्ब्रोलिझुमॅब या तशाच इम्युनोथेरपीच्या इंजेक्शनच्या जोडीने देऊन पाहिलं जात आहे. एनयूसी-७७३८ शिरेतून दिलं जातं आणि त्याला अजून मान्यता नाही.

आता पावडरीचा हिशोब करू. बशीतल्या प्रयोगात ५० मायक्रोमोलर मात्रा धरली, तर लिटरमागे सुमारे १२.५ मिलीग्रॅम कॉर्डिसेपिन लागतं. ६५ किलोच्या माणसाच्या अंगात साधारण ४० लिटर पाणी असतं, म्हणजे ५०० मिलीग्रॅम. वाळलेल्या चांगल्या मालात ग्रॅमला ३ मिलीग्रॅम धरलं, तर एका वेळी १६७ ग्रॅम पावडर, किंवा ५०० मिलीग्रॅमच्या ३३३ कॅप्सूल. तेही एन्झाइमने एक कणही तोडला नाही असं धरून.

उत्तराखंडातल्या पिथोरागडची कीडाजडी ही वेगळी बुरशी आहे, ओफिओकॉर्डिसेप्स सायनेन्सिस. तिच्यात कॉर्डिसेपिनची ती जनुकं नाहीत. कॉर्डिसेपिनसाठी तिला सोन्याचा भाव देणं व्यर्थ.

पिकवणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. ४०० मिलीच्या काचेच्या बरणीत २५ ग्रॅम ब्राऊन राईस आणि ४० मिली पोषकद्रव. द्रवात लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज, ५ ग्रॅम पेप्टोन, ५ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि चिमूटभर मॅग्नेशियम सल्फेट. १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली एक तास ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणं). पूर्ण गार झाल्यावर ५ मिली लिक्विड कल्चर (द्रवात वाढवलेलं बुरशीचं विरजण). आठवडाभर २० अंशांवर अंधारात ठेवायचं आणि पांढरं जाळं तळापर्यंत पोचलं की रोज १२ तास प्रकाश द्यायचा, ५०० ते १००० लक्स. केशरी रंग प्रकाशामुळेच येतो. तापमान १८ ते २२, आर्द्रता ८० ते ९० टक्के. ४५ ते ६० दिवसांत काढणी आणि ४५-५० अंशांवर वाळवण.

पाणी जास्त झालं की भाताचा लगदा होतो, तळाला हवा पोचत नाही आणि जिवाणूंचा आंबट वास सुटतो. हिरवे ठिपके म्हणजे ट्रायकोडर्मा ही दुसरी, नको असलेली बुरशी. ती बरणी खोलीत उघडू नका, तशीच ऑटोक्लेव्हमध्ये घाला. तापमान बराच काळ २५ च्या वर राहिलं तर काड्या धरत नाहीत, म्हणून लोडशेडिंगच्या भागात इन्व्हर्टरशिवाय या भानगडीत पडू नये. सगळ्यात महागडी चूक म्हणजे तीच जात पुन्हापुन्हा उपसंवर्धन करत राहणं. जात थकते, पांढरं जाळं छान पसरतं आणि काडी एकही येत नाही. मूळ कल्चर थंडीत जपा आणि ठरावीक पिढ्यांनंतर त्याच्याकडे परत जा.

माल विकण्याआधी एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) करून घ्या: सी-१८ कॉलम, २६० नॅनोमीटर, शुद्ध कॉर्डिसेपिनच्या प्रमाणित नमुन्याशी तुलना. अहवालात नुसतं 'पॉलिसॅकराइड ४० टक्के' असेल तर सावध व्हा, कारण त्यासाठीच्या फिनॉल-सल्फ्युरिक चाचणीत भाताचा स्टार्चही मोजला जातो. पावडर पाण्यात उकळून, गार करून टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. गडद निळंकाळं झालं तर पुडीत भातही दळलेला आहे.

प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांची फसगत बहुधा एमटीटी चाचणीत होते. तिच्यात जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याला जांभळं करतात. बुरशीच्या अर्कातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं स्वतःच एमटीटीला जांभळं करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात. पेशी न घातलेल्या खाचेत नुसता अर्क टाकून बघितलाच पाहिजे. अर्क विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ ०.५ टक्क्यांच्या खाली ठेवा. आणि त्वचेच्या निरोगी पेशीही सोबत तपासा, कारण दोन्ही सारख्याच मरत असतील तर ते फक्त विष आहे.

पेशंटच्या बाजूने बघता, त्वचेचे सगळे कॅन्सर मेलानोमा नसतात. १९४५ मध्ये खानोलकर आणि सूर्याबाई यांनी कमरेवरच्या 'धोतर कॅन्सर'ची नोंद केली. करकचून बांधलेल्या गाठीखाली वर्षानुवर्षं घासून होणारा तो स्क्वॅमस प्रकार, म्हणजे त्वचेच्या चपट्या पेशींचा कॅन्सर. असा व्रण वेळेत काढला तर शस्त्रक्रियेने बरा होतो, त्यावर बुरशीचा लेप लावण्यात महिने घालवू नयेत. मेलानोमा आपल्याकडे बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली दिसतो. नखाखालची काळी रेघ रुंद होत चालली तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याने मनाई आहे, हे विकणाऱ्यांनीही वाचून ठेवावं.

इम्युनोथेरपी चालू असताना पावडर घेत असाल तर पुडी डॉक्टरांना नेऊन दाखवा. पेम्ब्रोलिझुमॅबमुळेच यकृताला सूज येऊ शकते. रक्तात एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) वाढलं आणि सोबत पावडरही चालू असेल, तर दोष कुणाचा हे डॉक्टरांना कळत नाही, आणि लागू पडत असलेलं इंजेक्शन थांबवावं लागतं.