आठ वर्षांच्या नोंदी आणि बंद पडलेला मोबाइल नंबर

ज्या मोबाइल नंबरवर माझा ओटीपी जात होता, तो नंबर गेल्या तीन वर्षांपासून माझा राहिलेला नाही. एवढी एकच गोष्ट एका संकेतस्थळाच्या मदत कक्षाला पटवून देण्यात माझे जवळपास पन्नास दिवस गेले. काम होऊन महिना उलटला, तरी त्या दिवसांचा त्रास मनातून गेलेला नाही. आपण स्वतः लिहिलेला मजकूर परत मागण्याची वेळ आणखी कोणावर आली, तर त्यांचे दिवस तरी वाचावेत म्हणून मी हे सविस्तर लिहीत आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात राहते. डी.एड. झाले आहे, पण नोकरी मिळाली नाही आणि पुढे शेतीतच रमले. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पोखरून टाकली. पुढच्या वर्षीपासून मी ठरवले की मोजल्याशिवाय फवारायचे नाही. वावरात बोंडअळीच्या नर पतंगांना गंधाने ओढून घेणारे कामगंध सापळे लावले आणि घराच्या मागे पर्जन्यमापक बसवला. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ किंवा त्याहून अधिक पतंग सापडले, तर उपाय करण्याची वेळ आली असे धरतात, म्हणून आकडा रोज लिहिणे भाग होते. सुरुवातीच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. तेव्हापासून शेतकऱ्यांच्या एका संकेतस्थळावर, जिथे आम्ही एकमेकांना प्रश्न विचारतो आणि उत्तरे देतो, मी पावसाचे आणि पतंगांचे आकडे टाकू लागले. २०१८ च्या मृगापासून २०२५ च्या वेचणीपर्यंत असे आठ हंगाम झाले.

या जानेवारीत आमच्या बचत गटातील बायकांनी ठरवले की पेरणीच्या तारखेचा विचार जुने आकडे समोर ठेवून करायचा. संकेतस्थळ मात्र प्रत्येकाला स्वतःच्या शेवटच्या पन्नास नोंदीच दाखवते. आधीच्या नोंदी आत कुठेतरी असतात, पण त्या एका ठिकाणी मांडून पाहता येत नाहीत. सेटिंगमध्ये ‘माझी माहिती मागवा’ अशी सोय असल्याचे मला दिसले. तिथे कारण विचारत नाहीत आणि पैसेही लागत नाहीत. अर्ज दोन मिनिटांत भरून झाला आणि शेवटी ओटीपीची चौकट आली.

तो ओटीपी माझ्या जुन्या नंबरवर गेला. एका नापिकीच्या वर्षी घरातील तीन मोबाइलचे रिचार्ज परवडेनात, म्हणून माझा नंबर आम्ही तसाच पडू दिला. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही, तर तो बंद होऊ शकतो आणि पुढे काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. माझा नंबर असाच दुसऱ्या कोणाकडे गेला होता. खाते उघडताना मी फक्त नंबर दिला होता आणि ई-मेलची जागा रिकामी सोडली होती. नंबर बदलायला गेले, तर आधी जुन्या नंबरवरचा ओटीपी मागत होते.

तालुक्याच्या इंटरनेट केंद्रातील मुलाने मनापासून मदत केली. तो म्हणाला, “वहिनी, त्या जुन्या नंबरले फोन लावा अन् ओटीपी मागून घ्या, दोन मिनिटाचं काम आहे.” मी नकार दिला. अनोळखी माणसाला फोन करून ओटीपी मागणे हा फसवणूक करणाऱ्यांचा धंदा आहे आणि समोरच्याने नाही म्हणणेच योग्य आहे. शिवाय त्या क्षणी दुसरी गोष्ट लक्षात आली आणि ती अधिक गंभीर होती. ज्याच्याकडे तो नंबर आहे, त्याला माझ्या खात्यात शिरायला माझी गरजच नव्हती. त्याने संकेतस्थळावर नंबर टाकला असता, तर ओटीपी त्याच्याच हातात आला असता. म्हणजे ज्या ओटीपीने माझे रक्षण व्हायचे, तो मलाच बाहेर ठेवून परक्या माणसाला आत घ्यायला तयार होता.

सुदैवाने माझ्या जुन्या मोबाइलवर ते खाते उघडेच राहिले होते. त्या मोबाइलची काच तडकलेली आहे आणि चार्जर लावल्याशिवाय तो चालत नाही, पण त्यातले अॅप मी कधी काढले नव्हते. त्या मुलाने ‘एकदा लॉगआउट करून पुन्हा करून पाहू’ म्हणत तो हातात घेतला, तेव्हा मी त्याचा हात धरून थांबवला. एकदा बाहेर पडले असते, तर परत आत जाण्याचा रस्ताच उरला नसता. तुमच्यापैकी कोणाची अशीच अडचण असेल, तर जुना मोबाइल विकू नका, अॅप काढू नका, अद्ययावतही करू नका. ओळख पटेपर्यंत तो आहे तसा जपून ठेवा.

मदत कक्षाला मी पहिला मेल जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात केला. उत्तर आले की नोंदणीकृत क्रमांकावर आलेला ओटीपी टाकून विनंती पूर्ण करावी. तो क्रमांक माझ्याकडे नाही, असे मी पुन्हा लिहिले. पुन्हा तेच वाक्य, त्याच शब्दांत आले. असे पाच वेळा झाले. दर वेळी तक्रारीला नवा क्रमांक मिळे आणि मागचा संदर्भ तुटत असे. एकदा तुरीची कापणी चालू असताना मला तीन दिवस मेल पाहता आला नाही, तर ‘प्रश्न सुटला’ असे लिहून तक्रार बंद करण्यात आली. आमच्या गावात नेटवर्कसाठी गच्चीवर जावे लागते आणि मजूर लावलेले असताना दिवसा तेवढी सवड नसते. ७२ तासांत उत्तर न देणारा माणूस समाधानी आहे, असे गृहीत धरणाऱ्याने हे जगणे कधी पाहिलेले नसावे.

सहाव्या वेळी वेगळे उत्तर आले आणि त्यांनी आधार कार्डाची प्रत मागितली. माझी तयारी होती, पण मला प्रश्न पडला की ते ती कशाशी ताडून पाहणार? माझ्या खात्यावर माहेरचे लाडके नाव आहे, पूर्ण नाव मी कधीच दिलेले नव्हते. सिम कार्ड तेव्हा घरधन्याच्या नावावर होते. जन्मतारीख, पत्ता, छायाचित्र यांपैकी काहीही त्यांच्याकडे नव्हते. तरीही मी मास्क्ड आधार पाठवले, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेता येते, पण त्यासाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला असावा लागतो. माझा नवा नंबर मी आधीच जोडून घेतला होता म्हणून हे जमले. ओळखीसाठी कागद मागितला, तर पूर्ण आकडे दिसणारी प्रत कधी पाठवू नका. चार दिवसांनी उत्तर आले की नाव जुळत नसल्यामुळे विनंती फेटाळण्यात येत आहे.

त्या संध्याकाळी मला रडू आले. आठ वर्षे पावसात, चिखलात सकाळी साडेआठला मोजपात्र वाचणारी बाई मीच होते आणि मी तीच आहे हे दाखवायला माझ्याजवळ त्यांना हवा असलेला एकही कागद नव्हता. मी केलेले काम त्यांच्याच यंत्रात पडून होते आणि ते पाहून मला दोन प्रश्न विचारावेत, असे कोणालाही सुचत नव्हते.

कायद्याचे मी त्यानंतर वाचले. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला. त्याच्या कलम ११ नुसार आपल्या माहितीचा सारांश आणि ती कोणाकोणाला दिली हे मागण्याचा हक्क आपल्याला मिळतो. पण नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि हे कलम त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायचे आहे, त्यामुळे आजच त्याच्या जोरावर भांडता येत नाही. शिवाय त्यात सारांशाची भाषा आहे, प्रत्येक नोंदीच्या प्रतीची नाही. माहितीचा अधिकार २००५ चा असला, तरी तो सरकारी कार्यालयांसाठी आहे, खासगी संकेतस्थळाला तो लावता येत नाही. मला खरा उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. पहिली म्हणजे संकेतस्थळाचे स्वतःचे गोपनीयता धोरण, ज्यात मागणी केल्यापासून तीस दिवसांत माहिती देऊ असे त्यांनीच लिहिले होते. दुसरी म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०२१ चे मध्यस्थांसाठीचे, म्हणजे लोकांनी लिहिलेला मजकूर ठेवणाऱ्या संकेतस्थळांसाठीचे नियम. त्यांनुसार अशा प्रत्येक संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो, तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत द्यावी लागते आणि सात दिवसांत निकाल लावावा लागतो (फेब्रुवारी २०२६ मधील दुरुस्तीपूर्वी ही मुदत १५ दिवसांची होती). ते नाव पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात होते. माझे चाळीस दिवस वाया गेले ते मी पानाच्या तळापर्यंत कधी उतरले नाही म्हणून.

त्या अधिकाऱ्याला मी एका पानाचे पत्र लिहिले, तेही मराठीतच. आधीच्या सातही तक्रारींचे क्रमांक आणि तारखा क्रमाने दिल्या. जुना नंबर दुसऱ्याच्या हाती आहे, त्यामुळे तुमच्या पद्धतीने माझे खाते त्याच्यासाठी उघडे आणि माझ्यासाठी बंद आहे, हे स्पष्ट मांडले. आधार ताडून पाहण्यासारखे तुमच्याकडे काहीच नसताना ते का मागितले, हे विचारले. शेवटी लिहिले की जुन्या मोबाइलवर खाते अजून उघडे आहे, तुम्ही सांगाल तो शब्द मी त्या खात्यावरच्या माझ्या परिचयात लिहून दाखवते. हे पत्र लिहिल्याचा मला आजही अभिमान वाटतो.

पोच दुसऱ्याच दिवशी आली आणि नवव्या दिवशी माणसाने लिहिलेले उत्तर आले. माझी पहिली नोंद कोणत्या महिन्यातली, मी कोणत्या पिकाबद्दल सर्वाधिक लिहिले आणि सापळे किती लावले होते, असे तीन प्रश्न होते आणि परिचयात लिहिण्यासाठी एक सांकेतिक शब्द होता. चार मिनिटांत सगळे झाले. त्याच संध्याकाळी नवा नंबर जोडला गेला आणि ई-मेलही. माहिती दोन दिवसांनी आली.

आता आधी सांगायला हवी होती ती गोष्ट. माहिती झिप फाइलच्या दुव्याने येते आणि तो दुवा कायम राहत नाही. माझा सात दिवसांचा होता. छायाचित्रांसह फाइल एक जीबीपेक्षा मोठी निघाली आणि गावातल्या नेटवर्कवर अर्ध्यातच दोनदा तुटली. तिसऱ्यांदा मी पेनड्राइव्ह घेऊन तालुक्याला गेले. केंद्रातल्या संगणकावरून फाइल पुसली, कचरापेटी रिकामी केली आणि ई-मेलमधून बाहेर पडले. त्या फाइलमध्ये आपण कधी, कुठून खाते उघडले याच्याही नोंदी असतात, म्हणून ती परक्या यंत्रावर ठेवू नये.

नोंदींची फाइल सीएसव्ही प्रकारची, म्हणजे साध्या मजकुरात साठवलेला तक्ता होती. ती दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडली, तेव्हा मराठीच्या जागी अगम्य चिन्हे दिसली आणि क्षणभर वाटले की सगळे बिघडूनच आले. तसे नव्हते. रिकामी एक्सेल उघडून ‘डेटा’मधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडावे आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ युनिकोड (यूटीएफ-८) करावे, की सगळी अक्षरे जागेवर येतात. वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. वेचणीच्या दिवसांत पहाटे पाचला लिहिलेल्या माझ्या नोंदी त्यामुळे आदल्या दिवशी रात्री साडेअकराला लिहिल्यासारख्या दिसत होत्या. साडेपाच तास मिळवल्याशिवाय दिवसांची बेरीज करू नका. इतरांनी दिलेली उत्तरे या फाइलमध्ये येत नाहीत, कारण ती त्यांची आहेत. माझे ‘होय, तसेच करा’ हे वाक्य कोणाला लिहिले होते, ते चर्चेच्या क्रमांकावरून शोधावे लागले.

एकूण १,४१२ नोंदी मिळाल्या. पेरणीपूर्वी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हावा असे कृषी विद्यापीठ सांगते, म्हणून प्रत्येक वर्षी १०० मिलिमीटरची बेरीज कोणत्या तारखेला पूर्ण झाली ते मी आधी काढले. आठपैकी तीन वर्षी आम्ही त्या तारखेच्या आधीच सरकी लावली होती आणि त्या तिन्ही वर्षी दुबार लावावी लागली होती. गटातल्या बायकांनी तो तक्ता पाहिला, तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकीने स्वतःच्या वावरातल्या पेरणीच्या तारखा आठवून त्याच्या शेजारी लिहायला सुरुवात केली.

मी पाठवलेली आधारची प्रत काढून टाकल्याचे लेखी कळवावे, अशी मागणी मी त्याच अधिकाऱ्याकडे केली आहे. पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेले नाही. सात दिवस येत्या सोमवारी पूर्ण होतात.