एफ(एक्स−३) उजवीकडेच का जातो? माझा अनुभव

अकरावीत ग्राफ ट्रान्सफॉर्मेशनचे, म्हणजे एफ(एक्स) या फंक्शनचा ग्राफ सरकवायचे-दाबायचे नियम आम्हाला एका पानावर मिळाले होते, एफ(एक्स)+३ म्हणजे वर, एफ(एक्स−३) म्हणजे उजवीकडे, एफ(२एक्स) म्हणजे ग्राफ आडवा निम्मा दाबला जाणार वगैरे. पाठ केलं की मार्क पडायचे. पण मायनस ३ आणि उजवीकडे? काही केल्या पटेना, आणि कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, कंसाच्या आत असलं की उलटं होतं, लक्षात ठेव. अरे पण का?

मग डेस्मॉस या ऑनलाइन ग्राफ काढायच्या टूलवर स्लायडर (आकडा सरकवून बदलायची पट्टी) लावून बसलो. मजा येते, नाही असं नाही, पण त्याने काय होतं ते दिसतं, का होतं ते नाही दिसत. (हे माझं मत हां, बऱ्याच जणांना स्लायडरनेच कळतं.) मला कळलं ते साध्या टेबलमुळे. √एक्स घेतलं, त्याचे सोपे पॉइंट (०,०), (१,१), (४,२). काढायचं होतं √(२एक्स−६). आता वाय तेच ०, १, २ हवे असतील तर मुळाच्या आत परत ०, १, ४ च यायला पाहिजेत ना, मग त्यासाठी एक्स किती घ्यावा लागेल? ३, ३.५ आणि ५. झाले नवे पॉइंट, (३,०), (३.५,१), (५,२).

म्हणजे आत आपण एक्स सोडवत असतो, म्हणून वजाचं अधिक होतं, गुणिलेचं भागिले होतं आणि क्रमही उलटतो. बाहेरचं सरळच असतं, −२एफ(एक्स)+१ असेल तर वायला आधी −२ ने गुणा मग १ मिळवा, बास.

आधी सरकवायचं की आधी दाबायचं ही भांडणं पण यातच मिटली. √(२एक्स−६) साठी एकतर ६ ने उजवीकडे नेऊन निम्मं करा, नाहीतर २ कॉमन काढून २(एक्स−३) करा, मग आधी निम्मं आणि नंतर ३ ने उजवीकडे. (४,२) चा एक्स लावून बघा, ४ चे १० आणि १० चे ५, किंवा ४ चे २ आणि २ चे ५.

मॉडवाले (मॉड म्हणजे | |, आतल्या आकड्याचं वजा चिन्ह काढून टाकणारं) ग्राफ पण असेच सुटतात. एफ(|एक्स|) मध्ये एक्स −२ टाका की २, आत २ च जाणार, म्हणून मूळ ग्राफचा डावा भाग पुसून टाकायचा आणि उजव्याचं प्रतिबिंब तिथे काढायचं. |एफ(एक्स)| मध्ये मॉड बाहेर आहे, तिथे फक्त एक्स-अक्षाखालचा भाग वर उलटवायचा.