दार उघडा, खिडकीवर थांबू नका

इंग्लंडमध्ये मी एका काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलमध्ये, म्हणजे बांधकाम नियमाप्रमाणे होतंय का ते तपासणाऱ्या विभागात, सर्व्हेअर आहे. गॅरेजची खोली करायची म्हटलं की सगळे आधी प्लॅनिंगच्या परवानगीचं विचारतात. काम आतल्याआत असेल तर ती परवानगी सहसा लागत नाही. मात्र काही वसाहतींना मंजुरी देतानाच 'गॅरेज गाडीसाठीच ठेवावं' अशी अट घातलेली असते, तेवढं पाहावं लागतं. बिल्डिंग रेग्युलेशन्स, म्हणजे बांधकाम कसं असावं याचे नियम, वेगळी; ती कुणाला चुकत नाहीत.

त्या दिवशी ज्या घरी गेले ते मराठी निघालं. गावाहून कायमच्या राहायला आलेल्या आजींसाठी खोली चालली होती. काम करत असल्याची नोटीस काउन्सिलला दिलेली होती, पण बिल्डर तपासणीची वाट न बघता पुढे गेला होता. शटरच्या जागी नवी भिंत उभी. तिच्याखाली पाया आहे का ते बघायला कडेला खड्डा खणायला लावला. खाली नुसती स्लॅबची, म्हणजे गॅरेजच्या काँक्रीटच्या जमिनीची, कड. भिंत उतरवावी लागणार, हे घरमालकाला तिथेच सांगितलं.

"ताई, भिंतीचं करून घेतो. बाकी ठीक ना?"

ठीक नव्हतं. खोलीचं एकमेव दार स्वयंपाकघरात उघडत होतं. रात्री तिथे आग लागली तर आजी आत अडकणार. अशा खोलीला सुटकेची खिडकी लागते: उघडल्यावर निदान 0.33 चौरस मीटर मोकळी जागा, उंची-रुंदी प्रत्येकी किमान 450 मिलिमीटर, आणि खालची कड खोलीतल्या जमिनीपासून 1100 मिलिमीटरच्या आत. इथली खिडकी छातीच्याही वर होती, आडोसा हवा म्हणून.

खिडकी मोठी करून खाली घेतली असती तर नियम पुरा झाला असता. पण आजी भिंतीला धरून चालत होत्या, गुडघे पार गेलेले. त्या खिडकीवर कशा चढणार? बाजूच्या भिंतीत गॅरेजचं जुनं दार होतं, बिल्डरने नुकतंच विटांनी बुजवलेलं. ते उघडा, असं मी म्हटलं. सक्ती करायचा अधिकार मला नव्हता, म्हणून हात जोडून सांगितलं. घरमालक आईकडे बघत राहिला, मग त्याने बिल्डरला फोन लावला.

आजींनी विचारलं, "बाई, उंबरा असेल का गं?"

"नको, आजी. बाहेर उतार करून घेऊ."

मग बिल्डरशी तासभर तेच बोलत बसले: उतार करायचा, पण बाहेरची जमीन भिंतीच्या डीपीसीपर्यंत, म्हणजे ओल अडवणाऱ्या थरापर्यंत, चढू द्यायची नाही, नाहीतर ओल आत शिरेल.