घाटात पातळ न पडणारं ऑइल

घाटात पातळ न पडणारं ऑइल कुठलं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आमचं गॅरेज वाईत आहे, पसरणी घाटाच्या पायथ्याला. पाचगणी-महाबळेश्वरला बाइक पिळून काढणाऱ्या पोरांचा नेहमीचा प्रश्न असतो, ‘दादा, घाटात पातळ पडणार नाही असं सिंथेटिक कुठलं टाकू?’ त्यांना डब्याचं नाव हवं असतं. मी त्यांना आकडा बघायला सांगतो.

डब्यावर 10डब्ल्यू-40 अशी ग्रेड लिहिलेली असते. त्यातला 40 म्हणजे 100 अंशांना ऑइलचा दाटपणा 12.5 ते 16.3 सेंटिस्टोकच्या (दाटपणा मोजायचं एकक) मध्ये आहे, एवढंच. पण तो मोजताना ऑइल काचेच्या नळीतून आपल्या वजनानं निवांत उतरत असतं. क्रँकच्या बेअरिंगमध्ये ते केसाएवढ्या फटीत रगडलं जातं. तिथलं खरं चित्र एचटीएचएस (हाय टेम्परेचर हाय शिअर) या दाटपणाच्या आकड्यातून कळतं. ही चाचणी 150 अंशांना, जोरात रगडून घेतात. 10डब्ल्यू-40 ला किमान 3.5 लागतो, 10डब्ल्यू-30 ला 2.9. डब्यावर हा आकडा सहसा नसतो, कंपनीच्या डेटा शीटमध्ये शोधावा लागतो. पण शोधाच. जी कंपनी तो देतच नाही, तिचं ऑइल मी घाटातल्या गाडीत टाकत नाही.

आता ऑइल पातळ का पडतं? थंडीत वाहावं आणि तापल्यावरही दाट राहावं म्हणून त्यात पॉलिमर घालतात. त्याच्या लांबच लांब साखळ्या असतात. बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच ऑइल. गिअरचे दाते त्या साखळ्या चिरडून तोडतात आणि तुटलेली साखळी पुन्हा जुळत नाही. डब्ल्यूच्या आधीचा आणि नंतरचा आकडा जितके लांब, तितकं पॉलिमर साधारणपणे जास्त लागतं. बेस ऑइल, म्हणजे मूळ तेल, मुळातच चांगलं असेल, पीएओ किंवा एस्टर (रासायनिक प्रक्रियेनं घडवलेली तेलं), तर कमीत भागतं. नुसतं ‘फुल्ली सिंथेटिक’ लिहिलेलं असलं म्हणजे आत पीएओच आहे, असं मात्र नाही.

गेल्या वर्षी माझ्याच बाइकमध्ये महागातलं 5डब्ल्यू-40 टाकलं. मे महिन्यात आंबेनळी घाटानं पोलादपूरला तीन-चार फेऱ्या झाल्या. दोन हजार किलोमीटरच्या आतच गिअर खडखड पडायला लागले, उभ्या गाडीत न्यूट्रल सापडेना. ऑइल काढलं, रात्रभर गार होऊ दिलं. सकाळी एक काच तिरकी धरून जुन्याचा आणि नव्याचा एकेक थेंब शेजारी शेजारी सोडला. काळा ओघळ खाली पोचला तेव्हा मधाच्या रंगाचा अर्ध्यावरच होता. पेट्रोलचा वास नव्हता, म्हणजे भेसळ त्याची नव्हती. माझ्या मते साखळ्याच तुटल्या होत्या. (ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नका. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.)

आणि 5डब्ल्यूची आपल्याला गरज तरी काय? त्याची थंडीतली चाचणी उणे 30 अंशांना होते, 10डब्ल्यूची उणे 25 ला. आपल्याकडे वेण्णा लेकवर दव गोठलं तरी बातमी होते.

गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडबाहेर मात्र जाऊ नका. नव्या कारला 0डब्ल्यू-20 सांगितलं असेल तर तेच टाका, तिचा ऑइल पंप आणि फटी त्याच हिशोबानं केलेल्या असतात. बाइकच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (ऑइल बाइकच्या क्लचला चालतं, असं सांगणारी जपानी मानकाची खूण) हवंच. कारचं ऑइल ओतलंत तर क्लच घसरायची भीती असते.

माझ्या बाइकच्या पुस्तकात 10डब्ल्यू-40 होतंच. डेटा शीट बघून एचटीएचएस 4 च्या वरचं घेतलं. तेच घाट, तेच ओझं. तीन हजारांना पुन्हा काचेवर दोन थेंब सोडले. जुना पुढे गेला, पण बोटभरच.